करार संपल्यावर फोन कुठला घ्यायचा: मामेबहिणीच्या फोनचं पूर्ण प्रकरण

आधी परिस्थिती सांगतो म्हणजे पुढचे निर्णय का तसे झाले ते कळेल. माझी मामेबहीण फिजिओथेरपिस्ट आहे, पेशंटच्या घरी जाऊन उपचार देते, त्यामुळे फोनमध्ये पेशंटचे नंबर, पत्ते, एक्स-रेचे फोटो, कोणाचा गुडघा किती वाकतोय त्याचे व्हिडिओ असं सगळं भरलेलं. हँडसेट मोबाइल कंपनीकडून दोन वर्षांच्या करारावर घेतलेला, हप्ता बिलातच जायचा. करार संपला आणि कंपनीने लगेच नवा फोन नवा करार पुढे केला. तिने नको म्हटलं. एक तर तिला पुन्हा दोन वर्षं अडकायचं नव्हतं, आणि दुसरं म्हणजे त्या फोनमध्ये कंपनीने आधीच भरून दिलेली काही ॲप्स होती जी डिलीट होत नव्हती, फार तर डिसेबल व्हायची, आणि त्यातलं एक सारखं कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागायचं. "दादा, माझ्या पेशंटचे नंबर घेऊन हे काय करणार आहेत?" असा तिचा प्रश्न होता आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्या ॲपचा कोड कोणालाच बघायला मिळत नाही.

तर मागणी अशी होती: करार नको, सॉफ्टवेअर जमेल तेवढं ओपन सोर्स (ज्याचा कोड कोणालाही बघता येतो असं) हवं, दोन बँकांची ॲप्स चालायला हवीत, व्हॉट्सॲप हवंच (पेशंट सगळे तिथेच), नकाशा हवा, व्हिडिओ बरा निघायला हवा आणि दिवसभर बॅटरी पुरायला हवी. बजेट तिने स्वतःच छान ठरवलं होतं. जुन्या करारात हँडसेटपोटी दरमहा जेवढा हप्ता जात होता तसे जास्तीत जास्त बारा हप्ते, त्याच्यावर एक पैसा नाही. मला ही पद्धत आवडली, पुढे सगळ्या किमती आम्ही हप्त्यांतच मोजल्या, इथेही तसंच लिहितो.

घरातला जुना फोन

सगळ्यात स्वस्त फोन म्हणजे हातात असलेला फोन, त्यामुळे सुरुवात तिथूनच केली. करार फिटला होता, सिम लॉक कंपनीने काढून दिलं होतं, दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं तर व्यवस्थित चालत होतं. तिला वाटलं झालं, आता याच्यावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकू. मी म्हटलं थांब, सेटिंग्जमध्ये जा, अबाउट फोनमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप कर, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील, त्यात ओईएम अनलॉकिंग नावाचं एक बटण आहे, बूटलोडर उघडून दुसरी सिस्टिम टाकायची परवानगी देणारं, ते सरकतंय का बघ. बटण होतं पण राखाडी. दाबलं तरी ढिम्म. नेट लावून बघितलं, फोन पूर्ण रीसेट करून बघितलं, राखाडी ते राखाडीच.

इथेच बहुतेक लोक गोंधळतात. करारातून मोकळा झालेला फोन, सिम लॉक नसलेला फोन आणि बूटलोडर उघडता येणारा फोन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. करार हा पैशाचा मामला. सिम लॉक मॉडेमच्या (नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाच्या) पातळीवर असतं, ते कुठल्या नेटवर्कचं सिम चालेल एवढंच बघतं. बूटलोडर हा फोन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमपैकी एक, पुढे कुठली सिस्टिम सुरू करायची आणि तिच्यावर कोणाची डिजिटल सही हवी ते तो ठरवतो. विकणारा "अनलॉक्ड आहे" म्हणतो तेव्हा शंभरातल्या नव्याण्णव वेळा तो सिमबद्दल बोलत असतो. खोटं बोलत नसतो बिचारा, पण आपल्याला हवं ते सांगत नसतो. अमेरिकेत व्हेरायझन या मोबाइल कंपनीने विकलेल्या गूगलच्या पिक्सेल फोनचं हेच आहे, सिम लॉक निघतं पण बूटलोडर उघडत नाही, आणि असे फोन सेकंडहँड होऊन जगभर फिरतात.

म्हणजे जुना फोन बाद. तो तसाच ठेवला, पुढे त्याचा विषय परत येतो.

ओपन सोर्स म्हणजे नक्की कितपत

तिला वाटत होतं की अँड्रॉइड ओपन सोर्सच आहे ना, मग कुठलाही फोन चालेल. अर्धं खरं आहे. एओएसपी म्हणजे अँड्रॉइडचा मूळ कोड उघडा आहे, बहुतेक अपाचे २.० लायसन्सखाली, आणि खालचा लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) जीपीएल लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीखाली. जीपीएलमुळे फोन बनवणाऱ्याला कर्नलमधले आपले बदल जाहीर करावेच लागतात (कधी करतात, किती उशिरा करतात, तो वेगळा तमाशा), पण अपाचेमध्ये अशी सक्ती नाही. त्यामुळे कंपनीने वर जे काही रचलं ते बंद ठेवलं तरी चालतं. आणि गूगलच्या प्ले सर्व्हिसेस, ज्यांच्यावर निम्मी ॲप्स नोटिफिकेशन आणि लोकेशनसाठी अवलंबून असतात, त्या एओएसपीचा भाग नाहीतच, पूर्ण बंद कोड आणि सिस्टिममध्ये भरपूर अधिकार.

उलट बाजूही तिला आधीच सांगून ठेवली, नंतर अपेक्षाभंग नको. कितीही मोकळी सिस्टिम टाकली तरी मॉडेमचं फर्मवेअर (चिपचं स्वतःचं सॉफ्टवेअर), ग्राफिक्सचे आणि कॅमेऱ्याचे काही तुकडे बंदच राहतात. शंभर टक्के उघडा फोन या बजेटमध्ये काय, बजेटच्या बाहेरही मिळत नाही. आपण मिळवू शकतो ते एवढंच की सिस्टिमचा मोठा भाग तपासता येईल असा, आणि बंद ॲप्सना किती मोकळीक द्यायची ते आपल्या हातात. तिच्या कॉन्टॅक्ट्सच्या प्रश्नाला तेवढं पुरेसं होतं.

कोण कोण रांगेत होतं

शुद्ध लिनक्सवाल्या फोनपासून सुरुवात केली, कारण मला स्वतःला ते फार आवडतात. पाइन६४ चा पाइनफोन घ्या, मागचं झाकण काढलं की मॉडेम, वायफाय, माइक, कॅमेरा बंद करायची छोटी छोटी बटणं आहेत, बॅटरी हाताने निघते, पोस्टमार्केटओएस किंवा दुसरी कुठलीही लिनक्स टाका. पण प्रोसेसर ऑलविनर ए६४, ज्या काळात फोन आला त्या काळातही तो जुनाच होता, मागचा कॅमेरा ५ मेगापिक्सेलचा. गुडघ्याचे व्हिडिओ? बँकेचं ॲप? वेड्रॉइड नावाची सोय आहे ज्यात लिनक्सच्या आत अँड्रॉइड ॲप्स चालवता येतात पण बँकेचं ॲप तिथे चालेल अशी आशा धरून कोणी कामाचा फोन घेऊ नये. छंद म्हणून घ्या, जरूर घ्या. उबंटू टच या लिनक्स सिस्टिमचंही साधारण तेच, कॅनॉनिकल कंपनीने २०१७ मध्ये सोडून दिल्यावर यूबीपोर्ट्सच्या लोकांनी ते जिवंत ठेवलं ही मोठीच गोष्ट आहे, पण हिच्या कामाला ते पुरणार नव्हतं.

मग फेअरफोन. फेअरफोन ५ ऑगस्ट २०२३ मध्ये आला, कंपनीने २०३१ पर्यंत सॉफ्टवेअर देऊ असं म्हटलंय, साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडतो, बॅटरी हाताने बदलता येते, बूटलोडर उघडायचा कोड कंपनी स्वतः वेबसाइटवर देते, आणि मुरेना कंपनीकडून /ई/ओएस ही सिस्टिम आधीच टाकलेला सुद्धा मिळतो. /ई/ओएस म्हणजे मँड्रेक लिनक्स काढणाऱ्या गाएल दुवाल यांनी सुरू केलेलं काम, लिनेजओएस या स्वयंसेवकांनी चालवलेल्या अँड्रॉइडवर बेतलेलं, गूगलच्या सर्व्हिसेसऐवजी त्यात मायक्रोजी नावाचा ओपन सोर्स पर्याय असतो. मनातून मला हाच घ्यावासा वाटत होता. पण नवा फोन बारा हप्त्यांच्या बराच वर, आणि सेकंडहँड मिळेना, कारण ज्यांनी घेतलाय ते विकतच नाहीत. चांगल्या फोनचं लक्षणच आहे ते, पण आपल्या उपयोगाचं नाही.

तिसरा रस्ता म्हणजे कुठलातरी जुना बरा फोन आणि त्यावर लिनेजओएस. हा सगळ्यात प्रसिद्ध मार्ग. सायनोजेनमॉड ही अशीच आधीची सिस्टिम डिसेंबर २०१६ मध्ये बंद पडली आणि त्यातूनच लिनेज उभा राहिला, तेव्हापासून अनेक कंपन्यांच्या फोनवर चालतो. यात खरंच स्वस्त फोन मिळत होते, तीन-चार हप्त्यांतले. इथे मी जरा जास्त वेळ घालवला, कारण स्वस्त म्हटलं की सगळे हेच सुचवतात.

पहिली अडचण बूटलोडरची. प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा आणि तो दरवर्षी कडक होत चाललाय. ह्वावेने २०१८ मध्येच अनलॉक कोड देणं बंद केलं. शाओमीत अकाउंट जोडून बहुधा १६८ तास थांबायला लावतात, आणि त्यांची हायपरओएस सिस्टिम आल्यापासून अटी आणखी वाढल्या. सॅमसंगमध्ये बूटलोडर उघडून दुसरी सिस्टिम टाकली की नॉक्स या त्यांच्या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज कायमचा उडतो, आणि वन यूआय ८ या त्यांच्या सिस्टिमच्या आवृत्तीपासून तर अनलॉकचा पर्यायच काढून टाकला. मोटोरोला बऱ्याच मॉडेल्सना कोड देतं, पण वॉरंटी सोडावी लागते. त्यामुळे "लिनेजच्या यादीत आहे" एवढं बघून फोन घेऊ नका, त्या यादीतला नेमका तोच मॉडेल नंबर आणि त्याचं बूटलोडर उघडतं का हे दोन्ही बघा.

दुसरी अडचण जास्त गंभीर, आणि ती स्क्रीनवर चक्क दिसते तरी कोणी वाचत नाही. एका ओळखीच्याकडे असा फोन होता, तो तिला मुद्दाम दाखवला. सेटिंग्जमध्ये अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेटची तारीख अगदी ताजी, त्याच महिन्याच्या आसपासची. आणि जरा खाली व्हेंडर सिक्युरिटी पॅच लेव्हल म्हणून आणखी एक ओळ, तिथली तारीख दोन वर्षांपेक्षा जुनी! म्हणजे वरचं अँड्रॉइड लिनेजच्या स्वयंसेवकांनी नवं ठेवलंय, पण खालचं मॉडेमचं, वायफायचं, ग्राफिक्सचं बंद फर्मवेअर कंपनीने सोडून दिलं त्या दिवशी जिथे होतं तिथेच आहे, कारण त्याचा कोड लिनेजवाल्यांकडे नाही, ते दुरुस्त करणार कसं. यात लिनेजचा काही दोष नाही. जो फोन नाहीतर कचऱ्यात गेला असता तो ते चालवून दाखवतात. पण पेशंटचे एक्स-रे ठेवायला मी तो फोन सुचवणार नाही.

तिसरं, लिनेज टाकल्यावर बहुतेक फोनमध्ये बूटलोडर परत लॉक करता येत नाही, करायला जाल तर फोन वीट होऊन (पूर्ण निकामी होऊन) बसण्याची शक्यता. उघडा राहिला म्हणजे फोन चालू होताना सिस्टिम कोणी बदललीय का याची तपासणी होत नाही, आणि बँकेची ॲप्स नेमकं तेच हुंगत असतात.

मग उरला पिक्सेल आणि त्यावर ग्राफीनओएस, म्हणजे सुरक्षेवर भर देणारी, एओएसपीवर बेतलेली सिस्टिम. गंमत बघा, गूगलपासून सुटायचं तर फोन गूगलचा घ्यायचा. तिला हे ऐकून हसू आलं, मला आता सवय झालीय. कारण सरळ आहे: पिक्सेलमध्ये बूटलोडर उघडून दुसरी सिस्टिम टाकता येते, त्या सिस्टिमच्या सहीची किल्ली फोनमध्ये बसवता येते, आणि मग बूटलोडर परत लॉक करता येतो. म्हणजे तपासणी चालूच राहते, फक्त सही गूगलच्या जागी ग्राफीनची. आणि फर्मवेअरची अपडेट्स गूगलकडून येत राहतात तोवर ग्राफीन ती पुढे देतं. एक काळजी आहे, ती लपवत नाही. जून २०२५ मध्ये अँड्रॉइड १६ चा कोड आला तेव्हा पिक्सेलसाठीचे डिव्हाइस ट्री (फोनच्या हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइल्स) गूगलने त्यासोबत दिले नाहीत, त्यामुळे अशा सिस्टिम बनवणाऱ्यांचं काम वाढलं. काम चालू आहे, पण वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते दिसतं.

किंमत भागिले महिने

आता कुठला पिक्सेल. इथे आमचं मत बदललं, आणि या सगळ्या प्रकरणात मला सांगायचंय ते मुख्यतः हेच. सेकंडहँड फोनची किंमत नुसती बघू नका, अपडेट्सचे किती महिने शिल्लक आहेत त्याने भागा.

हिशेब जानेवारी २०२६ चा आहे. पिक्सेल ६ए ला सिक्युरिटी अपडेट्स जुलै २०२७ पर्यंत, म्हणजे १८ महिने. ७ए ला मे २०२८ पर्यंत, २८ महिने. ८ए मे २०२४ मध्ये आला आणि ८ मालिकेपासून गूगलने सात वर्षं द्यायला सुरुवात केली, त्यामुळे त्याला थेट मे २०३१, म्हणजे ६४ महिने. आम्हाला दिसत होते त्या भावांत ६ए साधारण पाच हप्त्यांना, ७ए सात, ८ए दहा, आणि नवा कोरा ९ए सोळा. ती ६ए वर अडून बसली होती, पाच हप्ते म्हणजे बजेटच्या निम्म्याहून कमी, दादा आणखी काय पाहिजे. मग कागदावर भागाकार केला. ६ए मध्ये एका हप्त्याला चार महिने सुद्धा पदरात पडत नाहीत (१८ भागिले ५, ३.६). ७ए मध्ये चार. ८ए मध्ये ६.४. ९ए मध्ये ७५ महिने असूनही ४.७, कारण किंमत नव्याची. म्हणजे डोळ्यांना महाग दिसणारा ८ए सगळ्यात स्वस्त पडत होता आणि दीड वर्षाने ही सगळी शोधाशोध परत करावी लागणार नव्हती. सिस्टिम नवीन चढवायला, सगळं हलवायला, पेशंटचे ग्रुप परत जुळवायला जो वेळ जातो तो तर या भागाकारात धरलाच नाहीये.

बॅटरीचाही मुद्दा होता. ६ए साठी जुलै २०२५ मध्ये गूगलने सक्तीचं अपडेट काढलं, ज्यात ४०० चार्ज सायकलनंतर (सायकल म्हणजे पूर्ण चार्जचा एक फेरा) बॅटरीची क्षमता आणि चार्जिंगचा वेग कमी केला जातो, आणि ७ए साठी बॅटरी फुगण्यावरून वेगळी दुरुस्ती योजना जाहीर झाली होती. सेकंडहँड घेताना अशा गोष्टी आधी शोधून बघाव्यात, विकणारा आपणहून सांगत नाही. ८ए ची बॅटरी १००० सायकलपर्यंत ८० टक्के क्षमता राखेल असं गूगलचं म्हणणं आहे, आधीच्या मॉडेल्सना हा आकडा ८०० होता.

घेताना

पहिल्या विक्रेत्याला मेसेज केला की ओईएम अनलॉकिंगचं बटण चालू करून त्याचा व्हिडिओ पाठवा. त्याने उत्तरादाखल वेगळ्या कंपनीचं सिम घातलेल्या फोनचा फोटो पाठवला आणि लिहिलं पूर्ण अनलॉक आहे. परत समजावलं, परत तसाच फोटो. सोडून दिलं. दुसऱ्याने लगेच व्हिडिओ पाठवला, वायफाय चालू, बटण डावीकडून उजवीकडे सरकतंय, निळं होतंय. वायफाय चालू असणं महत्त्वाचं, कारण फोन मोबाइल कंपनीने लॉक करून विकलाय का हे पिक्सेल नेटवरूनच तपासतो, नेट नसेल तर चांगल्या फोनवरही बटण राखाडी दिसू शकतं. ६ए घेणाऱ्यांसाठी जाता जाता: तो कारखान्यातून आलेल्या सिस्टिमवर अनलॉक होतच नाही, आधी जून २०२२ किंवा नंतरचं अपडेट टाकायचं आणि मग फॅक्टरी रीसेट करायचं, तेव्हा कुठे बटण काम करतं. हे माहीत नसल्याने बरेच जण चांगला फोन परत करतात.

प्रत्यक्ष भेटून आणखी तीन गोष्टी बघितल्या. अबाउट फोनमध्ये बॅटरी इन्फर्मेशनखाली सायकल काउंट दिसतो, तो दोनशेच्या आसपास होता. स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून आलेला आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) खोक्यावरच्या आकड्याशी जुळवला. आणि विक्रेत्याला त्याचं गूगल अकाउंट आपल्यासमोर काढायला लावलं, मग रीसेट. अकाउंट न काढता रिकव्हरीतून रीसेट केलेला फोन सुरू होताना जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो, मग बसा त्याला फोन करत.

सिस्टिम टाकणं

याला लोक उगाच घाबरतात. ग्राफीनचा वेब इन्स्टॉलर क्रोमियम जातीच्या ब्राउझरमधून (क्रोम, एज वगैरे) चालतो, फायरफॉक्समध्ये चालत नाही कारण त्यात वेबयूएसबी, म्हणजे वेब पेजवरून केबलने जोडलेल्या फोनशी बोलायची सोय, नाही. पॉवर आणि आवाज कमीचं बटण धरून फोन फास्टबूट या सिस्टिम टाकायच्या मोडमध्ये न्यायचा, केबल लावायची, वेब पेजवरची बटणं क्रमाने दाबत जायची: बूटलोडर उघडा, सिस्टिम डाउनलोड, फ्लॅश (ती फोनवर चढवणं), बूटलोडर लॉक. उघडताना आणि लॉक करताना फोनवर आवाजाच्या बटणाने होकार द्यावा लागतो आणि दोन्ही वेळा फोनमधलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी काही भरत बसू नका. कॉम्प्युटरला फोन दिसतच नव्हता, केबल बदलल्यावर दिसला, पहिली केबल नुसती चार्जिंगची होती. शेवटचं लॉकचं बटण लोक कंटाळून सोडून देतात. ते सोडलं तर पिक्सेल घेण्याचं अर्धं कारणच गेलं.

लॉक केल्यावर दर वेळी सुरू होताना पिवळ्या चिन्हाची सूचना येते की फोन वेगळी सिस्टिम चालवतोय, खाली किल्लीचा लांबलचक हॅश (किल्ली ओळखायची आकडे-अक्षरांची खूण). तो ग्राफीनच्या साइटवर दिलेल्या हॅशशी एकदा अक्षर न् अक्षर ताडून बघितला. ती वाचत गेली, मी स्क्रीनवर बोट फिरवत गेलो. मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन ओईएम अनलॉकिंग परत बंद.

वापरताना काय झालं

गूगल प्ले तिथे लागलंच, बँकेसाठी. पण ग्राफीनमध्ये प्ले सर्व्हिसेस साध्या ॲपसारख्या बसतात, सिस्टिमचे खास अधिकार नसतात, बाकी ॲप्सना जेवढी परवानगी तेवढीच. तिने प्ले आणि बँका वेगळ्या युजर प्रोफाइलमध्ये ठेवल्या, पेशंटचं सगळं मुख्य प्रोफाइलमध्ये. मुख्यमध्ये एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स ॲप्सच्या स्टोअरवरून घेतलेली ॲप्स, नकाशाला ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चालणारं ऑरगॅनिक मॅप्स, जे नेट नसतानाही पत्ता दाखवतं. गल्लीबोळात गूगलचा नकाशा जास्त अचूक आहे हे तिने आठवड्याभरातच सांगितलं, तिला हवा तेव्हा ती तो वापरते, त्याला लोकेशन देते आणि कॉन्टॅक्ट्स देत नाही.

तिला सगळ्यात जास्त आवडलं ते कॉन्टॅक्ट स्कोप्स. व्हॉट्सॲपला वाटतं की परवानगी मिळाली, पण दिसतात फक्त आपण निवडलेलीच नावं. तिने व्हॉट्सॲपवर बोलणारे पेशंट तेवढेच निवडले, बाकीचे नंबर त्याच्यासाठी अस्तित्वातच नाहीत. जुन्या फोनवर जो प्रश्न तिने विचारला होता त्याचं हे इतकं नेमकं उत्तर मिळेल असं मलाही वाटलं नव्हतं. शिवाय कुठल्याही ॲपची नेटची परवानगी सरळ काढून घेता येते. तिच्याकडे अँगल मोजायचं एक ॲप आहे, त्याला नेट कशाला हवं? काढलं. चालतंय मजेत.

कॅमेऱ्याला गूगलचंच पिक्सेल कॅमेरा ॲप टाकलं, नेटची परवानगी न देता. इथे शुद्धतेचा आग्रह धरला नाही, व्हिडिओ तिच्या कामाचा भाग आहे. ४जी वरचे कॉल, वायफायवरचे कॉल दोन्ही पहिल्या दिवशीच मुद्दाम करून बघितले, चालले. लॉक करून ठेवलेला फोन १८ तासांत उघडला नाही तर आपोआप रीस्टार्ट होतो, ही मूळची सेटिंग आहे. सुट्टीच्या दिवशी त्यामुळे एकदा सकाळचा अलार्म लॉक स्क्रीनच्या मागे अडकेल का अशी तिला धास्ती होती, म्हणून वेळ वाढवून दिली.

एफ-ड्रॉइडबद्दल एक. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की सर्टिफाइड (गूगलने प्रमाणित केलेल्या) अँड्रॉइड फोनवर पुढे ओळख पटवलेल्या डेव्हलपरचीच ॲप्स टाकता येतील, सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून. नंतर अनुभवी लोकांसाठी वेगळी वाट ठेवू असंही म्हणाले. ग्राफीन सर्टिफाइड नाहीच, त्यामुळे हा नियम त्याला लागत नाही. सर्टिफाइड नसण्याचा हा फायदा. तोटा पुढे.

बँका

पहिल्या बँकेचं ॲप उघडल्या उघडल्या बंद पडलं. सेटिंग्जमध्ये त्या ॲपपुरता एक्स्प्लॉइट प्रोटेक्शनचा कंपॅटिबिलिटी मोड (ग्राफीनची जादा सुरक्षा थोडी सैल करणारा) चालू केला, मग लॉगिन झालं आणि तेव्हापासून चालतंय. दुसऱ्या बँकेचं ॲप उघडलं, नंबर विचारला, ओटीपी आला, आणि मग सांगितलं की हा फोन सुरक्षित नाही. यात मोड बदलून काही होत नाही. ते ॲप गूगलच्या प्ले इंटेग्रिटीला (फोन भरवशाचा आहे का ते सांगणाऱ्या सेवेला) विचारतं आणि ग्राफीनवर फक्त प्राथमिक पातळी पास होते, डिव्हाइसची पातळी होत नाही, कारण सिस्टिमला गूगलचं सर्टिफिकेट नाही. याच तपासणीत ज्याला वर्षानुवर्षं अपडेट आलेलं नाही असा मूळ सिस्टिमवरचा जुना फोन सहसा पास होतो! फोन टेकवून पैसे देणंही याच कारणाने गूगलच्या वॉलेटमधून होत नाही. त्याचं तिला काही वाटलं नाही, कार्ड पर्समध्ये असतंच.

दुसऱ्या बँकेसाठी तिने काढलेला तोडगा मला पटत नाही. तिने जुना करारवाला फोन घरी वायफायवर ठेवलाय, त्यात सिम नाही, बाकी सगळं पुसलेलं, फक्त ते एक ॲप. मी म्हणतो की त्या फोनची अपडेट्स संपलीत, त्यापेक्षा नव्या फोनच्या ब्राउझरमधून बँकेची वेबसाइट वापर, तिथे लॉगिन होतं, ओटीपी एसएमएसवर येतो, काम भागतं. ती म्हणते वेबसाइटवर मोठी रक्कम पाठवायची मर्यादा कमी आहे आणि तो फोन महिन्यातून एकदाच लागतो, एरवी बंदच असतो. तिचंही अगदीच चूक नाही.

तिने बँकेला पत्रही लिहिलंय. प्ले इंटेग्रिटीशिवाय फोनचा भरवसा तपासायचा दुसरा मार्ग अँड्रॉइडमध्येच आहे, हार्डवेअर अटेस्टेशन, त्यात बूटलोडर लॉक आहे का आणि सही कोणाच्या किल्लीची आहे हे थेट चिपकडून कळतं, आणि ॲप बनवणाऱ्यांनी ग्राफीनच्या किल्ल्या कशा मान्य करायच्या याची माहिती ग्राफीनच्या साइटवर तयार आहे. ती लिंक पत्रात दिली. उत्तर आलं की आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे. दुसरं खातं बंद करून पहिल्या बँकेतच सगळं आणायचं का, यावर सध्या विचार चालू आहे.